मामा, ते सोनेरी तेल घालू नका

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातला आहे, कारण हे पत्र मी टायरच्या गोदामात बसून लिहितोय आणि इथे माणसाला आडवं व्हायला जागा नाही. टायर मात्र हवे तसे आडवे होतात.) तुमचं पत्र मिळालं. नव्या गावात तुमचं बस्तान नीट बसलं, घराला दोन्ही बाजूंनी वारा आहे, गुडघे जिना चढताना कुरकुरतात पण उतरताना गप्प बसतात, हे वाचून बरं वाटलं. मामींचा खोकला आता कसा आहे? त्यांना म्हणावं, औषध शेजारणीचं घेऊ नका, डॉक्टरचं घ्या. शेजारीण फी घेत नाही पण निदान सगळ्या जिन्याला सांगते. आमच्याकडे आई बरी आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांची तब्येत कशी आहे ते मला नक्की सांगता येणार नाही. पण जेवण झाल्यावर ताट ज्या जोराने सरकवतात त्यावरून शक्ती भरपूर असावी. मी ठीक आहे. म्हणजे झोप लागत नाही, जेवण जात नाही आणि कुणी हाक मारली की अंगावर काटा येतो, एवढं सोडलं तर ठीक आहे. ज्या गावात मी कॉलेज सोडलं नेमक्या त्याच गावात निवृत्तीनंतर तुम्हाला घर मिळावं, याला योगायोग म्हणायचं की माझ्या नशिबाची खोड, हे तुम्हीच ठरवा. जन्मभर वजनमापं तपासलेली माणसं तुम्ही, तुम्हाला कळेल.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही हौसेने जुनी गाडी घेतलीत, चालवायला येत नसताना घेतलीत (याबद्दल आईने जे म्हटलं ते मी लिहीत नाही), आणि एका ओळीत विचारलंत की इंजिनात कोणतं तेल घालावं, स्वस्तातलं चालेल का. याचं उत्तरही एका ओळीत देता आलं असतं. पण पुढची ओळ वाचली आणि माझ्या हातातला चहा कपात राहिला नाही. तुम्ही लिहिता, ‘एक अतिशय सज्जन तरुण परवा घरी येऊन तेलाचा डबा दाखवून गेला. तेल मधासारखं सोनेरी. भाव दुकानापेक्षा कमी, आणि बोलणं असं गोड की वाटावं, दोन घोट आपणच प्यावेत.’ शिवाय त्याच्या शर्टाला एक सुरकुती नव्हती, हेही तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मामा, तो शर्ट मी ओळखतो. तो माणूसही ओळखतो. आम्ही त्याला ‘इस्त्री’ म्हणायचो. (आम्ही म्हणजे मी. बाकी सगळे त्याला ‘साहेब’ म्हणायचे.) तेव्हा ते तेल घालू नका. डबा उघडला असेल तर बंद करा, बंद असेल तर दाराबाहेर ठेवा. का, ते सांगायला मला सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि सुरुवात तेलापासून होत नाही.

मी कॉलेज का सोडलं याबद्दल आपल्या नात्यात बरीच मतं आहेत. आई म्हणते डोळ्यांवर ताण आला. बाबा म्हणतात अंगात आळस भरलाय. धाकट्या आत्याने तर संगत वाईट असं जाहीर केलं आहे, पण संगत कुणाची ते तिला अजून सापडलेलं नाही. खरी गोष्ट साधी आहे. कॉलेजच्या वाटेवर एक मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. म्हणजे एक शटरची खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने पांढरा पडलेला तक्ता, एक बाक, आणि टेबलामागे खाली मान घालून अर्जांवर फोटो चिकटवणारी ती. मी सुटे पैसे मागायला आत शिरलो. तिने मान वर न करता विचारलं, ‘दुचाकी की चारचाकी?’ मी म्हणालो, चारचाकी. माणसाचं आयुष्य बदलायला याहून मोठं वाक्य लागत नाही.

गंमत अशी की मला गाडी येत होती. आपल्या गल्लीतल्या गाद्यावाल्याच्या टेम्पोवर मी शाळेत असतानाच हात साफ केला होता, आणि इंजिनातल्या तेलाबद्दल मला जे काही कळतं ते त्या गाद्यावाल्याच्या शिव्यांमधून कळलेलं आहे. तरी मी शिकवणी लावली. येत असलेली गोष्ट येत नाही असं दाखवणं किती कष्टाचं असतं याची तुम्हाला कल्पना नाही, मामा. मी मुद्दाम चौकात गाडी बंद पाडायचो. मुद्दाम वायपर लावून वळायचो. मास्तर, म्हणजे त्या स्कूलचे मालक आणि तिचे वडील, शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, ‘होईल हळूहळू. स्वभाव चांगला आहे.’ माझ्या स्वभावाला चांगला म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. मग एकदा चढावर समोरून ट्रक मागे यायला लागला आणि मी विसरून गाडी अशी सफाईने बाजूला काढली की मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. खोलीवर आल्यावर म्हणाले, शिकतोस कशाला, शिकव. आणि मी शिकवायला लागलो. शिकवण्याच्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा एकच होत्या. एकीकडे लेखाशास्त्र, दुसरीकडे ती. तुम्ही काय केलं असतंत? (मामींना विचारू नका.)

आता गाडीकडे येतो. शिकवणीची गाडी ही जगातली सगळ्यात दुर्दैवी वस्तू आहे. तिला दिवसभर अनोळखी लोकांचे पाय सोसायला लागतात. पहिला गियर, दुसरा गियर, पुन्हा पहिला. अर्धा क्लच दाबून धुसफुसत उभं राहायचं, मग मास्तर गाडी चालूच ठेवून उजव्या वळणाचं तत्त्वज्ञान सांगणार, मग ढकलत ढकलत मैदानाला एक फेरी. इंजिन सकाळपासून दिवे लागेपर्यंत तापलेलं, आणि किलोमीटरचा काटा जेमतेम हललेला. मास्तर तेल बदलायचे ते काटा बघून. गाडी धावलीच नाही तर तेल कशाला बदलायचं, हा त्यांचा हिशोब. अशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातला माणूस करणार नाही, कारण दुसऱ्या कुणाची गाडी जागच्या जागी म्हातारी होत नाही. मी त्यांना म्हणालो, मास्तर, काटा बघू नका, कॅलेंडर बघा. माणूस दिवसभर एका जागी उभा राहिला तरी पाय दुखतात की नाही? ते हसले आणि म्हणाले, तू मन लावून काम करतोस.

तरीही तोवर तेल बरं होतं. दुकानातलं, सीलबंद. उशिरा बदललं जायचं, पण जातीचं होतं, म्हणून गाडी तग धरून होती. मग इस्त्री आला. गावातल्या शाळांच्या गाड्या, टेम्पो, सगळीकडे तो तेल पुरवायचा. कुठून तरी पिंपं यायची, त्याच्याकडे डबे भरले जायचे. येताना टेबलावर डबा ठेवायचा, खाली स्वतःचा रुमाल पसरून, तिच्या अर्जांना डाग लागू नये म्हणून. मास्तरांनी पहिल्यांदा ते तेल घातलं, आणि नंतर कितीतरी दिवसांनी ऑइलची पट्टी काढून बघितली तर तेल जसंच्या तसं. सोनेरी. मास्तर पट्टी घेऊन रस्त्यावर आले, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. आधीचं तेल महिन्याभरात काळंकुट्ट व्हायचं, आणि हे बघा. जणू मुलगा परीक्षेत पहिला आला होता.

मामा, इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्याही घरी तोच मध येऊन बसला आहे. चांगलं तेल काळं पडतं. पडलंच पाहिजे. इंजिनात जे जळतं, झिजतं, त्याची काजळी तेलाने आपल्या अंगावर घ्यायची असते आणि बदलताना सोबत घेऊन बाहेर पडायचं असतं. फरशी पुसलेलं फडकं शुभ्रच राहिलं तर मामी काय म्हणतील? फडकं चांगलं आहे म्हणतील, की बाईने फरशी पुसली नाही म्हणतील? इस्त्रीचं तेल स्वच्छ राहत होतं कारण ते कशालाच हात लावत नव्हतं. घाण तिथेच. झाकणाखाली, कोपऱ्यात, खाली तेल साठतं त्या चेंबरच्या तळाशी थर धरून. वर सगळं सोनेरी. मी तेल ओतायचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं तर बोटाला काळा लगदा लागला, बुटाच्या पॉलिशसारखा. ते बोट घेऊन मी सगळ्या गावात फिरलो म्हटलं तरी चालेल.

आणि कुणी विश्वास ठेवला नाही. का? तर मी प्रेमात होतो. म्हणजे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती खोली दहा बाय दहाची, आणि माझा चेहरा त्याहून मोठा असावा. इस्त्रीचं येणं वाढलं होतं, मास्तर त्याला खुर्ची द्यायचे (मला बाक), आणि त्याच्या घरून तिच्याबद्दल विचारणा होणार असं सगळ्यांच्या तोंडी होतं. अशा वेळी मी त्याच्या तेलाबद्दल बोलायला तोंड उघडलं की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू यायचं. मी चिकटपणाबद्दल सांगायचो, लोकांना विरह ऐकू यायचा. मी म्हणायचो गाळ साचतोय, ते पाठीवर हात ठेवून म्हणायचे, होतं रे असं या वयात. खरं सांगणाऱ्या माणसाने प्रेमात पडू नये, मामा, किंवा निदान ज्या विषयावर खरं सांगायचंय त्याच्या आसपास पडू नये.

समोर एक गॅरेजवाला होता. त्याला सगळं माहीत होतं. मी त्याला म्हणालो, तू सांग मास्तरांना, तुझं ऐकतील. तो पाना पुसत म्हणाला, ‘मी? गावात सगळ्यांनी चांगलं तेल घातलं तर मी काय भजन करू? वाईट तेल माझ्या पोरांना शिकवतंय.’ मी म्हणालो, लाज नाही वाटत? तो म्हणाला, ‘वाटते की. पण ती वर्षातून एकदा. इंजिनं महिन्यातून दोन येतात.’ आता बोला. एवढं प्रामाणिक उत्तर मला कॉलेजातही कुणी दिलं नव्हतं.

शेवटी मी तिलाच झाकण नेऊन दाखवलं. तिने नीट बघितलं. नखाने लगदा खरवडला, वास घेतला, अर्जाच्या कोऱ्या बाजूला पुसला. मग म्हणाली, ‘खरं असेल.’ माझ्या जिवात जीव आला. पुढे म्हणाली, ‘पण तू तेलाबद्दल बोलतोस तेव्हा तुझे कान लाल होतात. तेलाने कुणाचे कान लाल होत नाहीत.’ मी म्हणालो, मी रागावलोय. ती म्हणाली, ‘तेच. गाडीसाठी रागावलास की दुसऱ्या कशासाठी, ते एकदा ठरव, मग मी बाबांशी बोलते.’ मामा, हा क्षण होता. मी शांतपणे एक वाक्य बोलायला हवं होतं. मी काय केलं? झाकण टेबलावर आपटलं. लगदा उडाला तो थेट कुणाच्या तरी फोटोवर. त्या माणसाला परवान्यावर मिशी आहे ती मी दिलेली आहे.

यापुढचं वाचताना मामी खोलीत असतील तर त्यांना बाहेर पाठवा, किंवा तुम्हीच बाहेर जा. इस्त्रीने गाडी शिकायचं ठरवलं. आयुष्यभर तेल विकणाऱ्या माणसाला गाडी येत नव्हती. त्याचा माल दुसराच कुणी फिरवायचा. मास्तरांना आनंद झाला आणि त्यांनी कौतुकाने आपला सगळ्यात हुशार शिक्षक त्याला दिला. म्हणजे मी. रोज सकाळी मी माझ्या शत्रूच्या शेजारी बसायचो आणि त्याला सांगायचो की क्लच हळू सोडा. आणि तो हळू सोडायचा. चिडायचा नाही, घामेजायचा नाही. चुकीचा गियर पडला की गियरलाच ‘सॉरी’ म्हणायचा. एकदा मला अगदी विश्वासाने विचारलं, तुम्ही इतके दिवस तिथे आहात, त्यांना काय आवडतं? मी म्हणालो, त्यांना मोठ्याने बोलणारी माणसं आवडतात. त्यानंतर तो आठवडाभर त्या खोलीत असा ओरडत होता की शेवटी मास्तरांनी त्याला विचारलं, कानाचा काही त्रास आहे का. एवढाच काय तो माझा विजय. सगळ्यात वाईट म्हणजे माणूस लबाड नव्हता. तेच तेल त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या गाडीत होतं. पिंपात काय येतं हे त्याने कधी विचारलंच नव्हतं, कारण ते दिसायला छान होतं. लबाड असता तर माझं किती काम सोपं झालं असतं.

मग त्याच्या परवान्याच्या चाचणीचा दिवस आला. तो गाडी चालवत होता, मी शेजारी, मागे कागदपत्रं घेऊन ती. पाण्याच्या टाकीजवळचा लांब चढ. आणि अर्ध्या चढावर समोरच्या काचेखाली लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र, तोटीतून एक थेंब. तुमच्याही गाडीत असेल, बघून ठेवा. तो दिवा लागला म्हणजे तेल वर पोचत नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. त्याच क्षणी गाडी थांबवून इंजिन बंद करायचं, दुसरा विचार नाही. इस्त्री म्हणाला, ‘हे काय लागलं?’ मी दिव्याकडे बघितलं. मामा, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतके महिने मी जे ओरडून सांगत होतो ते आता लाल अक्षरांत समोर आलं होतं, त्याच्याच हातात स्टिअरिंग असताना, तिच्याच डोळ्यांदेखत. मी म्हणालो, ‘चालू द्या.’ आतून टकटक सुरू झाली, आत कोंडलेल्या कुणीतरी दार वाजवावं तशी. तो म्हणाला, ‘आवाज येतोय.’ मी म्हणालो, ‘तुमचंच तेल आहे, घाबरता कशाला?’ शिकवणीच्या गाडीत शिक्षकासाठी वेगळा आरसा असतो. त्या आरशात मला ती दिसली. ती दिव्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो. मग एक किंकाळी आली, इंजिनाची, आणि गाडी उभ्या जागी मेली.

तिघं खाली उतरलो. इस्त्रीने बाह्या दुमडल्या आणि गाडी ढकलून बाजूला लावायला लागला. त्याच्या शर्टाला पहिल्यांदा सुरकुत्या पडल्या, मागे काळा पट्टा उमटला, आणि काय सांगू, त्याला ते शोभलं.

गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. मी मास्तरांना हाताला धरून नेलं होतं, की बघा आता. चेंबरच्या तळाशी तोच लगदा, आणि तेल शोषणारी जाळी पूर्ण बुजलेली. मी छाती पुढे काढून उभा. गॅरेजवाला म्हणाला, ‘गाळ तेलाचाच आहे, हे पोरगं बरोबर सांगत होतं.’ आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं. आणि त्याच दमात पुढे म्हणाला, ‘पण दिवा लागल्यावर थांबले असते तर जाळी धुऊन संध्याकाळी गाडी दारात होती. आता हे वजनाने विका.’ प्रत्येक नवशिक्याला मास्तर पहिल्या दिवशी सांगायचे की पाय तयार ठेवा. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘पाय कुठे होता?’

मी तेलाबद्दल सांगायला लागलो. चिकटपणा, गाळ, पिंपं, सगळं. मास्तर ऐकत होते. ती मधेच म्हणाली, ‘बाबा, तेल वाईटच होतं. तो खरं बोलतोय. पण गाडी तेलाने नाही मेली.’ मग माझ्याकडे वळून, न चिडता, अगदी अर्जात चूक दाखवावी तशी म्हणाली, ‘तुझं बरोबर होतं ना? मग मिळालं की तुला. आमच्याकडे गाडी एकच होती.’ एवढंच. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं, आणि ओरडण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

आता यातला कडवटपणा बघा, मामा. गावात काय पसरलं? तेलाचं नाव कुणी घेतलंच नाही. शिक्षकाने दिवा दिसत असून गाडी चालू ठेवली, असं पसरलं. तेही स्वतःच्या पायाखाली ब्रेक असताना, असं पसरलं. म्हणजे ज्या तेलाला मी फासावर चढवायला निघालो होतो ते माझ्या पायामुळे निर्दोष सुटलं. इस्त्रीचा धंदा वाढला, आणि वाढत वाढत तुमच्या दारापर्यंत आला. तुमच्या घरी जो मध येऊन बसलाय तो मी पाठवल्यासारखाच आहे. अजूनही माझं म्हणणं बदललेलं नाही: तेल वाईट नसतं तर दिवा लागलाच नसता. हे तर्काला धरून आहे. तुम्ही आयुष्यभर काटे तपासलेत, तुम्ही सांगा, आहे की नाही? (सांगू नका. आईने सांगितलंय.)

मी ते गाव सोडलं आणि आता टायर मोजतो. टायर बरे. त्यांना कुणाबद्दल काही वाटत नाही. तो गॅरेजवाला अधूनमधून फोन करतो, बहुधा एकटा पडला असावा. त्याच्याकडून कळलं की मास्तरांनी कुठून तरी एक जुनी गाडी उभी केली, पण त्यांची कंबर धरली, तेव्हा आता शिकवायला तीच बसते. तेल म्हणे सीलबंद आणते, स्वतः उभी राहून बदलून घेते, कॅलेंडर बघून. इस्त्रीचं काय झालं, विचारणा झाली का, होकार दिला का, हे मी विचारलं की त्याला नेमका पाना सापडेनासा होतो आणि फोन ठेवतो. असो. मला त्यातलं काही जाणून घ्यायची इच्छा नाही. मी त्या सगळ्यातून बाहेर पडलो आहे, पूर्ण, आणि हे पत्र केवळ तुमच्या गाडीच्या काळजीने लिहिलं आहे.

मामींना नमस्कार. लहानांना काय सांगायचं ते त्यांची आई सांगतेच. वडीलधारे म्हणून तुमचा हात डोक्यावर असू द्या. डोकं गरम आहे, चटका बसल्यास क्षमा असावी.

तुमचा,
(आई म्हणते तसा) हाताबाहेर गेलेला
भाचा

ता. क. : मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. गाडीसोबत जे पुस्तक मिळालंय त्यात तेलाची जात लिहिलेली असते, तीच घ्या, दुकानातून, सील बघून. तुमची गाडी दारातच उभी राहणार, तेव्हा काट्यावर विसंबू नका, ठरल्या महिन्याला बदला. डबा परत करताना त्या सज्जन तरुणाला माझं नाव सांगू नका. तो माझी विचारपूस करेल, आणि ते मला सोसणार नाही.

दुसरा ता. क. : ड्रायव्हर ठेवणार असं लिहिलंय ते मला पटलेलं नाही. परक्याच्या पायावर गाडी सोडणं बरं नव्हे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? या वयात शिकता येतं. तुमच्या घरापासून कॉलेजकडे चालत निघालात की उजव्या हाताला शटरची एक खोली आहे. तुम्ही आत गेलात की टेबलामागून मान वर न करता कुणीतरी विचारेल, दुचाकी की चारचाकी. चारचाकी म्हणा. गुडघ्यांचं कारण सांगू नका, क्लचला गुडघा चांगला मोकळा होतो. (डॉक्टरला विचारू नका.)

तिसरा ता. क. : शिकवणीत ती शेजारी बसेल. तुम्ही माझे मामा आहात हे सांगू नका. सांगावंसं वाटलंच तर चढ संपल्यावर सांगा. बोटात अंगठी आहे का ते बघायला मान वळवावी लागेल, तेव्हा गाडी थांबलेली असू द्या. लाल दिवा लागला तर बाकी सगळं सोडा, माझंही सोडा, आणि आधी थांबा. ती माझ्याबद्दल काही विचारेल. वाईट विचारेल, तर ते शब्दशः लिहून कळवा, एकही शब्द गाळू नका. आणि समजा काहीच विचारलं नाही, सगळी शिकवणी संपली आणि नावही निघालं नाही, तर मामा, तसं मात्र लिहू नका. रस्त्याचं काम चालू आहे, एवढंच लिहा. मी समजेन.